बारी ते ओत्रांतो : दोघांच्या पहिल्या सायकल सहलीसाठी

युरोपात सायकल म्हटलं की आपल्याकडे लोकांना हॉलंडचे कालवे आठवतात, नाहीतर आल्प्समधले घाट. पहिल्याच खेपेला जाणाऱ्या जोडप्याला मी या दोन्हींऐवजी दक्षिण इटलीतला पुल्या प्रांत सुचवते. इटलीच्या बुटाची टाच म्हणजे हा प्रांत, आणि त्यातली बारी ते ओत्रांतो ही आपली वाट. गावं एकमेकांपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, किनाऱ्याला समांतर रेल्वे, आणि सगळ्या वाटेत खराखुरा म्हणावा असा चढ एकच. पाय दमले, पाऊस आला, दोघांत बिनसलं तर स्टेशन गाठून पुढच्या गावी जाता येतं. पहिल्या सहलीला ही सोय फार मोलाची.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. सहल हळू चालवणाऱ्याच्या पायांनी आखायची. जोडप्यात दोघंही सारख्या ताकदीचे क्वचितच असतात. जो जोरात चालवतो तोच बहुधा नकाशा घेऊन बसतो आणि रोजचे सत्तर किलोमीटर मांडतो. तिसऱ्या दिवशी मागचा माणूस रडकुंडीला येतो आणि पुढचा म्हणतो, ‘अगं, आता थोडंच राहिलंय.’ रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर धरा. पुल्यात तेवढ्यात चार गावं होतात, आणि गावं बघायलाच तर आपण चाललो आहोत.

कधी जायचं

मध्य एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा, किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर जातो आणि सावली मिळत नाही. त्यातही १५ ऑगस्टच्या सणाच्या आसपास अख्खी इटली समुद्रावर लोटलेली असते. खोल्यांचे भाव बघूनच घाम फुटतो. मे महिना सगळ्यात चांगला. फक्त बारीत ७ ते ९ मे या दिवसांत संत निकोलासचा उत्सव असतो. १०८७ साली त्यांच्या अस्थी खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावाहून बारीला आणल्या, त्याची ही आठवण. बघण्यासारखा असतो, पण खोली आधी केलेली नसेल तर त्या तारखा टाळा.

वाऱ्याचाही विचार करा. इथे मुख्य वारे दोन : उत्तरेकडून येणारा कोरडा त्रामोंताना आणि दक्षिणेकडून येणारा दमट शिरोक्को. पाठीला वारा मिळावा म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे बारीकडून लेच्चेकडे जाणं बरं. शिरोक्को सुटला तर मात्र हे गणित उलटतं, आणि त्या दिवशी रेल्वे आहेच.

व्हिसा आणि कागदपत्रं

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर कोणी राहू नये. तारीख मिळण्यातच आठवडे जातात. मोठ्या माणसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. विमा घेताना त्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या. काही पॉलिसींमध्ये ‘साहसी खेळ’ या सदराखाली ती वगळलेली असते.

सायकल सहलीत व्हिसासाठी एक जास्तीची कटकट असते, कारण मुक्काम रोज बदलतो. म्हणून कव्हरिंग लेटरमध्ये तारीख, गाव, हॉटेल आणि पुढच्या गावी कसं जाणार असा तक्ता द्या, आणि तो हॉटेलच्या बुकिंगशी तारीखवार जुळवून बघा. मधल्या एका रात्रीचा पुरावा नसला तरी प्रश्न विचारला जातो. फुकट रद्द करता येणारीच बुकिंगं करा. दोघांपैकी एकच कमावत असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि खर्च कोण करणार याचं पत्र जोडा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि पासपोर्टवर जुनंच असेल, तर हा दाखला दुप्पट कामाचा.

मुंबईहून बारीला थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं. रोमला उतरलात तर तिथून वेगवान रेल्वेने बारी साधारण चार तास. परतीचं विमान लेच्चेजवळच्या ब्रिंदिसीहून धरलं तर उलटं फिरावं लागत नाही.

घरची तयारी

दोन महिने आधी सुरुवात करा. आठवड्यातून दोनदा वीस किलोमीटर आणि रविवारी चाळीस. पुण्यातल्यांना खडकवासल्याची फेरी आहे, चढाच्या सरावाला बोपदेव घाट आहे. मुंबईकरांना आरे कॉलनी आणि नवी मुंबईचा पाम बीच रस्ता. वेग वाढवायचा हट्ट नको. लागोपाठ दोन दिवस खोगिरावर बसता येतं का, एवढंच तपासायचं. पहिल्या दिवशी सगळेच चाळीस किलोमीटर मारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर बसताना चेहरा कसा होतो, ते बघा. गादीवाली सायकलिंगची पँट इथूनच घ्या, प्रत्येकी दोन; रात्री धुवायची आणि सकाळी दुसरी घालायची. ती अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही आणि मग बिचारा मांड्यांना पावडर लावत बसतो.

सायकल कुठली घ्यायची

आपली सायकल इथून नेऊ नका. विमानाचा खोका, जादा वजन, तिथे जोडणी; पहिल्या सहलीला हा व्याप कशाला? बारी, मोनोपोली, ओस्तुनी, लेच्चे या सगळ्या गावांत भाड्याने मिळतात. साधी ट्रेकिंग सायकल दिवसाला वीस-तीस युरो, विजेची साधारण पस्तीस ते पन्नास. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायची असेल तर तसं आधी ठरवावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. सामान पुढच्या हॉटेलवर पोचवून देणारेही मिळतात. वयाची पन्नाशी उलटली असेल तर ते पैसे खुशाल खर्च करा.

आता मुद्द्याचं. दोघांच्या ताकदीत फरक असेल तर एकाला साधी आणि दुसऱ्याला विजेची घ्या. युरोपातल्या नियमाप्रमाणे या सायकलची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत बंद होते. पायडल मारावंच लागतं. फक्त चढ आणि वारा अंगावर येत नाही. आमच्याकडे विजेची माझी होती. पहिल्या चढावर नवरा धापा टाकत असताना मी गाणं गुणगुणत वर गेले, आणि त्या दिवसापासून ‘जरा हळू’ म्हणायची पाळी त्याची झाली. यात कमीपणा मानणारे पुरुष भेटतात. त्यांच्या बायकांशी बोलून घ्यावं.

विजेच्या सायकलची अडचण एकच. ती बावीस ते पंचवीस किलोची असते, आणि जुन्या रेल्वेच्या डब्याला दोन-तीन उंच पायऱ्या असतात. आधी बॅटरी आणि बॅगा उतरवा, मग दोघांनी मिळून सायकल चढवा.

सायकल ताब्यात घेताना घाई करू नका. सीटची उंची अशी हवी की पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. दोन्ही ब्रेक दाबून बघा. उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे की मागचा, ते विचारा. भारतातल्या सवयीने उतारावर भलताच दाबला तर तोंडावर पडाल. जादा ट्यूब, टायर काढायचे चमचे, पंप आणि कुलूप मागून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व बारीक आहे की गाडीसारखा जाड, हे बघून पंप त्याला बसतो का ते दुकानातच लावून तपासा. आधीचे ओरखडे असतील तर दुकानदारासमोरच फोटो काढा.

रस्त्यावरचे नियम

वाहतूक उजव्या बाजूने. सरळ रस्त्यावर ते दोन तासांत अंगवळणी पडतं, घोळ होतो तो सकाळी हॉटेलमधून बाहेर पडताना आणि निर्मनुष्य गल्लीतून वळताना. पहिले दोन दिवस निघताना एकमेकांना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, लोक हसले तरी. गोल चौकात आत असलेल्याला पहिला मान.

गावाबाहेर एकामागे एक चालवणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत गावाबाहेर, आणि बोगद्यात केव्हाही, चमकणारं जाकीट हवंच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि घंटी. मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. दारूचा नियम सायकललाही लागू आहे, तेव्हा जेवणासोबतची वाईन रात्रीसाठी राखा.

महामार्गांवर सायकलला बंदी आहे. हिरव्या पाट्यांचे महामार्ग ओळखू येतात, पण किनाऱ्याजवळून जाणारे काही चौपदरी सरकारी रस्तेही तसेच असतात आणि मोबाइलवरचा नकाशा कधीकधी तिथे नेऊन सोडतो. लाल कडेच्या गोलात सायकलचं चित्र दिसलं की मागे फिरा. सायकलसाठी बनवलेलं नकाशाचं अॅप वापरा, आणि दुसऱ्या दिवसाची वाट आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवा.

दोघांचा म्हणून एक नियम आम्ही पाळतो, तो तुम्हीही घ्या. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. मागचा आला की लगेच निघायचं नाही; त्याला दोन घोट पाणी पिऊ द्यायचं. पुढचा थांबून ताजातवाना झालेला असतो आणि मागचा पोचतो तोच हा निघतो, यावरून घरात होत नाहीत एवढी भांडणं रस्त्यावर होतात. ‘तू हो पुढे, मी येते’ हे वाक्य कानांवर आलं तर समजायचं, आज लवकर मुक्काम करायचा.

वाट, गावागावाने

पहिला दिवस बारीत काढा. विमानतळावरून मध्यवर्ती स्टेशनपर्यंत रेल्वे आहे. जुन्या गावात आर्को बास्सो नावाच्या गल्लीत बायका दारासमोर टेबल मांडून ओरेक्येत्ते हा इथला पास्ता करतात. कणीदार पिठाची वळी, तिचा सुरीने इंचभर तुकडा, सुरीच्याच पात्याने तो ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. कानाच्या पाळीएवढी वाटी तयार. हे इतक्या झपाट्याने चालतं की तोंडाने शेजारणीशी गप्पा सुरूच असतात. पाच मिनिटं उभं राहून बघा. फोटो काढण्याआधी विचारा आणि जमलं तर एक पाकीट विकत घ्या.

बारीतून सायकलने बाहेर पडायचा मोह टाळा. शहराची वाहतूक आणि कंटाळवाणी उपनगरं. प्रादेशिक रेल्वेत सायकल घालून पोलिन्यानो आ मारेला उतरा, अर्धा-पाऊण तास लागतो. डब्यावर सायकलचं चित्र असतं, तिथेच चढायचं. सायकलचं वेगळं तिकीट लागतं का ते खिडकीवर विचारा. इटलीत बऱ्याच ठिकाणी ते साडेतीन युरोंचं असतं. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.

पोलिन्यानो कड्यावर वसलेलं आहे आणि घरांच्या खालीच समुद्राने गुहा कोरल्या आहेत. पुलावरून खालची गोट्यांची लहानशी खाडी बघायची आणि पुढे निघायचं. आठ-नऊ किलोमीटरवर मोनोपोली. माझ्या मते मुक्कामाला मोनोपोली बरं : मासेमारीचं चालतं बंदर आहे, निळ्या होड्या आहेत, आणि भाव पोलिन्यानोपेक्षा कमी.

मोनोपोलीहून पुढच्या दिवशी तो एकमेव चढ. मोनोपोली समुद्रसपाटीला, अल्बेरोबेल्लो सव्वाचारशे मीटरवर. अंतर वीस-बावीस किलोमीटर. बहुतेक चढ मधल्या चार-पाच किलोमीटरात एकवटलेला आहे. सकाळी आठच्या आत निघा, कारण चढ पूर्वेकडे तोंड करून आहे आणि ऊन थेट पाठीवर येतं. उतरून सायकल ढकलण्यात काही लाज नाही. ज्यांना नकोच असेल त्यांनी बारीहून अल्बेरोबेल्लोला जाणाऱ्या छोट्या रेल्वेने परस्पर वर यावं. मात्र रविवारी आणि सणाला त्या मार्गावर रेल्वेऐवजी बहुधा बस असते आणि बसमध्ये सायकल घेतील याचा भरवसा नाही.

वर पोचलात की दृश्य बदलतं. तांबडी माती, चुनखडीचे पांढरे दगड आणि बिनचुन्याचे, नुसते रचलेले बांध. कोकणातल्या माणसाला गडगेच वाटतील. अशी दगड रचण्याची कला २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली. त्याच पद्धतीने बांधलेली टोकेरी छपरांची घरं म्हणजे त्रुल्ली. अल्बेरोबेल्लोत ती हजाराच्या वर आहेत आणि १९९६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. चुना न वापरण्यामागे कर चुकवायची युक्ती होती असं सांगतात : इथल्या सरदाराला नवीन वस्तीबद्दल नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे, म्हणून तपासणीस येण्याआधी झटपट पाडता येतील अशीच घरं बांधायची त्याने कुळांना परवानगी दिली. १७९७ मध्ये गाव त्या सरदाराच्या तावडीतून सुटलं. आता दिवसा तिथे बसगाड्यांची झुंबड असते. संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आत गाव तुमचं. म्हणून मुक्काम करा, आणि शक्यतो त्रुल्लोतच. उन्हाळ्यात आत गारवा असतो. दुकानांच्या रिओने मोंतीपेक्षा समोरच्या आया पिक्कोला भागात चाला, तिथे अजून लोक राहतात.

पुढचे दोन दिवस वाल्ले दित्रिया या पठारावर. लोकोरोतोंदो, मार्तिना फ्रांका, चिस्तेर्निनो ही तिन्ही गावं टेकड्यांवर आहेत आणि एकमेकांना दिसत राहतात. गावात शिरताना शेवटचा चढ नेहमी असतो, तेवढा सोसा. मुख्य रस्ता सोडून कोंत्रादा म्हणजे वाडीवस्तीच्या रस्त्यांनी जा. रस्ते एका मोटारीएवढे रुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, मध्ये द्राक्षं, बदाम, ऑलिव्ह. इथे घाई करणाऱ्यांची मला कीव येते.

चिस्तेर्निनोजवळून चेल्ये मेस्सापिकाकडे जलवाहिनीच्या सेवामार्गावरून सायकलची वाट काढली आहे. ही चुकवू नका. पुल्यात पाणी नाही. चुनखडीत पाऊस जिरून जातो, नद्या वाहत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी होरेसने या मुलखाला तहानलेला म्हटलं होतं. शेवटी १९०६ मध्ये शेजारच्या कंपानियातल्या सेले नदीच्या झऱ्यांचं पाणी डोंगर फोडून आणायला सुरुवात झाली आणि १९१५ मध्ये ते बारीला पोचलं. पाणी उतारानेच वाहत यायचं होतं, त्यामुळे वाहिनीचा उतार अगदी हलका ठेवलेला आहे आणि वरची वाट जवळपास सपाट मिळते. खडीची आहे, तेव्हा टायरमधली हवा किंचित कमी करा. मोटारी नाहीत. दोघांना शेजारी शेजारी, बोलत चालवता येतं अशी सगळ्या सहलीतली हीच जागा.

याच जलवाहिनीचे बिडाचे ठेंगणे नळ गावागावांच्या चौकात उभे आहेत. वरची कळ दाबली की पाणी. पिण्याचं असतं, बाटल्या तिथेच भरा. ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी असेल तेवढा नळ सोडायचा.

चेल्येहून ओस्तुनी बारा-एक किलोमीटर. चुन्याने रंगवलेलं, टेकडीवर चढत गेलेलं पांढरं गाव. इथे एक दिवस काहीच करू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी शरीर सुट्टी मागतंच. ओस्तुनीचं स्टेशन गावाखाली तीनेक किलोमीटरवर आहे, हे रेल्वे धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. खाली जाणं सोपं, वर येणं नाही. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये ऑलिव्हची शेकडो वर्षं जुनी झाडं आहेत, पिळवटलेल्या खोडांची, काही तर आतून पोकळ. त्यांच्यातून किनाऱ्याकडे उतरणारा रस्ता, पुढे तोर्रे ग्वाचेतोचं संरक्षित क्षेत्र आणि मग ब्रिंदिसी : चाळीसेक किलोमीटर, जवळपास सपाट. पण उघडं आहे. टोपी, पाणी आणि खाण्याचं सोबत हवंच.

ब्रिंदिसी पर्यटकांच्या यादीत खालीच असतं. मराठी माणसाने मात्र बंदरावर थोडं थांबावं. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईला येणारी टपाल इथपर्यंत रेल्वेने यायची आणि इथून बोटीने निघायची. गोलमेज परिषदेनंतर गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये याच बंदरातून ‘पिल्स्ना’ बोटीत चढले आणि महिनाअखेर मुंबईला उतरले. धक्क्याच्या वर पायऱ्यांच्या टोकाला रोमन खांब आहे. रोमहून निघालेला अप्पियन मार्ग इथे संपतो असं मानतात. खांब मूळचे दोन. दुसरा कोसळल्यावर त्याचे तुकडे लेच्चेला गेले आणि तिथल्या चौकात त्यावर संत ओरोंत्सोचा पुतळा उभा आहे. उद्या तो बघालच.

ब्रिंदिसी-लेच्चे टप्पा रेल्वेने करा, अर्धा तास. सायकलने करण्यात राम नाही.

लेच्चेला दोन रात्री द्या. इथला पिवळसर दगड इतका मऊ की कारागिरांनी तो लाकडासारखा कोरला. सांता क्रोचे चर्चचं दर्शनी तोंड सकाळी नाही, संध्याकाळच्या उन्हात बघा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. सायकलच्या कपड्यांवर गुंडाळायला दोघांकडे एकेक पातळ ओढणी किंवा पंचा हवा. नवऱ्याने पंचा गुंडाळलेला बघून कोणी काही बोलत नाही, खात्रीने सांगते.

शेवटचा टप्पा लेच्चे ते ओत्रांतो. किनाऱ्याने गेलात तर पन्नासच्या आसपास. आतून गेलात तर जवळ पडतं, पण वाटेत मैलोगणती वठलेली, करडी ऑलिव्हची झाडं दिसतात. झायलेल्ला नावाचा जिवाणू २०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या बाजूला सापडला आणि त्याने लाखो झाडं खाल्ली. मी आतूनच जा म्हणेन. ओस्तुनीची झाडं बघून आल्यावर ही बघितली की प्रांताचं दुखणं कळतं. शेतात शिरू नका, फांद्या तोडून आणू नका.

ओत्रांतोच्या कॅथेड्रलची अख्खी जमीन म्हणजे ११६३ ते ११६५ मध्ये पांतालेओने नावाच्या साधूने घडवलेलं दगडी तुकड्यांचं चित्र. मध्यभागी विशाल वृक्ष. फांद्यांवर नोहाची नौका, बारा महिन्यांची शेतीची कामं, सिकंदर, राजा आर्थर. आणि हा वृक्ष उभा आहे दोन हत्तींच्या पाठीवर. दारातून आत गेल्या गेल्या पायांशी बघा, लोक छताकडे बघत पुढे निघून जातात. उजवीकडच्या कपाटांत १४८० च्या तुर्की हल्ल्यात मारल्या गेलेल्या आठशेहून अधिक लोकांच्या कवट्या आहेत. ज्यांना असलं सोसत नाही त्यांनी डावीकडून फिरावं.

खडकात कोरलेल्या घरांचं मातेरा बघायचं राहून जाईल म्हणून हळहळू नका. ते शेजारच्या प्रांतात आहे. बारीहून छोट्या रेल्वेने, सायकल न घेता, एक दिवस करता येतं.

खाणं

दुकानं दुपारी साधारण एक-दीड ते साडेचार बंद असतात, आणि दुपारचं जेवण आटोपलं की स्वयंपाकघरंही बंद होतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही. सायकलवाल्याला भूक लागते अकराला आणि पाचला. तेव्हा सकाळीच बेकरीतून फोकाच्चा हा चपटा पाव आणि ताराल्ली ही कडक खारी कडी घेऊन पिशवीत टाका. बारीची फोकाच्चा जाड, तेलकट, वर टोमॅटो आणि ऑलिव्ह, वजनावर मिळते. रविवारी दुपारनंतर लहान गावांत काहीही उघडं नसतं, शनिवारी सोय करून ठेवा.

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण विचारावं लागतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे फावे ए चिकोर्या : बाकला या कडधान्याच्या सुक्या दाण्यांचं घोटलेलं पिठलंच म्हणा, सोबत कडसर पालेभाजी आणि वर ऑलिव्हचं तेल. ओरेक्येत्ते आणि चिमे दि रापा ही पालेभाजी, यांची जोडी शाकाहारी दिसते, पण तिच्यात बहुधा अँचोवी मासा विरघळवलेला असतो. लेच्चेच्या पास्तिच्चोत्तो या गोड पदार्थाच्या पारीत पारंपरिक कृतीप्रमाणे डुकराची चरबी असते; ‘स्त्रुत्तो’ आहे का, एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. कडक पथ्य असेल तर चीज नकोच म्हणा. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको, मासा नको, हे दोघांनीही पाठ करावं.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात. ते पाव आणि टेबलाचे, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायची, बसलात तर महाग. लेच्चेत बर्फ आणि बदामाच्या दुधाची गार कॉफी मिळते. दुपारी तीनला तीच घ्या.

खर्चाला एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला की हिशेब तोंडी होतो. खोली, दोन सायकली, जेवण, किरकोळ तिकिटं मिळून दोघांना दिवसाला दोनशे ते अडीचशे युरो धरा. हॉटेलात शहर-कर वेगळा, रोख ठेवा.

अडचण आली तर

आणीबाणीचा नंबर ११२. हिरव्या क्रॉसची दुकानं म्हणजे औषधवाले. बारीकसारीक खरचटण्यावर तेच सल्ला देतात. शेतावरचे राखणदार कुत्रे हा इथला खरा त्रास. आपल्याला सवय असते तेच करायचं : पळायचं नाही, उतरायचं, सायकल मध्ये ठेवायची आणि चालत पुढे व्हायचं. दोघांत जो घाबरट असेल त्याने दुसऱ्याच्या पलीकडे चालावं. सायकली रात्री बाहेर ठेवू नका. खोली ठरवतानाच आत ठेवायची जागा आहे का विचारा, विशेषतः बारी आणि लेच्चेत.

सायकली ओत्रांतोत परत देता आल्या तर उत्तम. नाहीतर रेल्वेने लेच्चेला या. वाटेत बहुधा गाडी बदलावी लागते, म्हणून सायकली चढवण्या-उतरवण्याचा वेळ धरून सकाळची गाडी घ्या. हा मार्गही रविवारी दगा देतो. दुकान दुपारी बंद असतं, त्यामुळे बाराच्या आत पोचायचं. चार्जर, बॅटरीची किल्ली आणि कुलूप मोजून द्या, अनामत परत आल्याची पावती तिथेच मागा. लेच्चेहून ब्रिंदिसीच्या विमानतळाला बस आहे. तिची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा.